बापू हवालदारांची चौकट आणि पेटंटचा कायदा

१२ ऑगस्ट १९७४, सोमवार. सकाळी ऑफिसात आल्याआल्या मी अर्धं ब्लेड घेऊन ट्रेसिंग पेपरवरचा शाईचा डाग खरवडत बसले होते. ट्रेसिंगवर पडलेला डाग पुसून जात नाही. तो ब्लेडच्या धारेने, हलक्या हाताने, वरच्यावर काढावा लागतो. जोर जास्त झाला की कागदाला भोक, आणि सगळं चित्र पुन्हा पहिल्या रेघेपासून. ते चित्र उंब्रजच्या बापू हवालदारांच्या चौकटीचं होतं. डाग निघाला की दुपारच्या रजिस्टर टपालाने अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जायचा होता.

तेवढ्यात दारात स्वतः बापूच उभे. धोतर, वर पलटणीतला खाकी स्वेटर, काखेत पिशवी, आणि तोंडभर हसू. बापूंना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"बाई, लय झ्याक चाललं बघा!"

"काय चाललं?"

"आवं, आपली चौकट. काल नदीपल्याडच्या गावात मयत झाली न्हवं का. मिल्ट्रीतलं पोरगं. पुण्याच्या दवाखान्यातनं आणलं. आक्खी पंचक्रोशी लोटली हुती. एका खटक्यात झेंडा वर! कोपरासुदिक खाली आला न्हाई."

ब्लेड कागदातून आरपार गेलं.

यात एवढं काय बिघडलं हे वाचणाऱ्यांना कळणार नाही, म्हणून आधी माझं काम सांगते. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या गल्लीत आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस आहे. साहेब पेटंटच्या कायद्याचं बघतात. मी चित्रं काढते, शोधाचं वर्णन लिहिते आणि येणाऱ्यांवर ओरडते. यातलं तिसरं काम नेमणुकीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. आमचं गिऱ्हाईक बहुतेक कुपवाडच्या कारखान्यांतलं. कुणी हळद पॉलिश करायचं पिंप घेऊन येतो, कुणी गुळाच्या ढेपेचा साचा, कुणी पंपाचा वॉल्व्ह. पेटंटचा व्यवहार साधा आहे. तुम्ही काहीतरी नवं शोधलंत, ते कसं करायचं हे सरकारला सगळं उघड लिहून दिलंत, की काही वर्षं तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ते करायचं नाही. पण ते नवं पाहिजे. म्हणजे अर्ज पोचेपर्यंत ते चारचौघांत आणायचं नाही. एकदा लोकांसमोर वापरलं की ते लोकांचं झालं. मग शोध तुमचा असला तरी सरकार हात वर करतं.

हळदवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हळदवाला आपलं पिंप सख्ख्या भावालाही दाखवत नाही. माझा जीव खाल्ला तो दुसऱ्याच लोकांनी. एकाहत्तरची लढाई झाली आणि पुढची दोन-तीन वर्षं आमच्याकडे गेलेल्या जवानांच्या मानासाठी यंत्रं शोधणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. लढाईनंतर गावोगाव नावाचे दगड उभे राहिले, आणि ज्याच्या हाताला थोडंफार कसब होतं त्याला त्या दगडाशेजारी आपलं काहीतरी फिरतं, पेटतं, वाजतं बसवावंसं वाटू लागलं. भावना चांगली होती, हे मीही मानते. पण पेटंट भावनेला मिळत नाही.

कुपवाडचाच एक फॅब्रिकेटर होता. त्याने पत्र्याचा पुरुषभर उंच जवान केला होता. समोरच्या फरशीवर कुणी पाय ठेवला की तो खाडकन सलाम ठोकायचा. आतली तरफेची रचना खरोखर नवी होती, मला आवडली होती. मी त्याला बजावलं, "अर्ज जाईपर्यंत हा जवान गोडाऊनमध्ये राहील. वर चादर टाका." त्याने मान डोलावली आणि पंधरा ऑगस्टला तो गावच्या चौकात उभा केला. हार, फटाके, पुढाऱ्याचं भाषण, पेपरात फोटो. फोटो घेऊन तो माझ्याकडेच आला, अर्जाला जोडायला! पेटंट गेलंच. वर चार दिवसांत गावची शेरडं त्या फरशीवर बसायला लागली आणि जवान दिवसभर शेरडांना सलाम ठोकत राहिला. शेवटी सरपंचांनी त्याचा हात तारेने बांधून टाकला.

वाईचे एक गुरुजी आले होते. त्यांनी पितळेची तरंगती पणती केली होती. कृष्णेच्या धारेतही ती कलंडत नसे, आणि ज्योतीभोवतीच्या जाळीतून जवानाचं नाव पाण्यावर उजेडाने उमटत असे. सुरेख वस्तू. मी विचारलं, "गुरुजी, कुणासमोर सोडली नाही ना ही अजून?"

"छे हो," गुरुजी म्हणाले. "गेली दोन वर्षं फक्त घाटावरच सोडतो."

"घाटावर लोक नसतात?"

"असतात की. लोक नसले तर सोडायची कुणासाठी?"

मी कपाळाला हात लावला. गुरुजींनी मला समजूतदारपणे प्रसादाचा पेढा दिला.

आणि सांगलीच्या पेठेतले एक अण्णा, किराणा मालाचे मोठे व्यापारी. त्यांनी आपल्या भाच्याच्या फोटोला अशी वायरिंग केली होती की रेडिओवर राष्ट्रगीत लागलं की फोटोभोवतीचे दिवे आपोआप लागावेत. दिवे लागत. पण ते कोणत्याही मोठ्या आवाजाला लागत. कुस्तीची कॉमेंट्री, खताची जाहिरात, लावणी, सगळ्याला. अण्णांचं म्हणणं, "तेवढं तुम्ही वर्णनात अ‍ॅडजस्ट करा की." वर्णनात काहीही अ‍ॅडजस्ट करता येत नाही, हे सांगण्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

असे नमुने पाहून पाहून माझं डोकं पिकलं होतं. त्यामुळे बापू हवालदार पहिल्यांदा आले तेव्हा मी मान वर न करताच विचारलं होतं, "काय वाजतं की पेटतं?"

"काय बी न्हाई," बापू म्हणाले. "झेंडा उचलतं."

बापूंचा थोरला मुलगा संपत. लढाईत कामी आलेल्यांचं घरी फारसं काही येत नसे. तार यायची, मागाहून ट्रंक यायची. संपत मात्र जखमी होऊन पुण्याच्या लष्करी दवाखान्यात बरेच महिने होता आणि तिथेच गेला, म्हणून त्याला गाडीतून गावी आणता आलं. तिरडीवर तिरंगा, केशरी पट्टा डोक्याकडे, सगळं रीतसर. सरणावर ठेवायच्या आधी तो तिरंगा काढून घ्यायचा असतो. तो जळता कामा नये आणि जमिनीला लागता कामा नये. पलटणीतले लोक हे शिस्तीत करतात. पण गावची मयत. प्रत्येकाला हात लावायचा होता. रेटारेटी झाली, चौघांनी चार दिशांनी झेंडा ओढला, एक कोपरा सुटला आणि चिखलात गेला. त्यावर कुणाचा तरी पाय पडला.

"माझाच हुता का दुसऱ्याचा, त्ये बी ठावं न्हाई," बापू म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज हजेरी घेताना असावा तसा सपाट होता. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, "दाखवा काय केलंय ते."

त्यांनी पलटणीतल्या खाटेचे मच्छरदाणीचे दांडे घेऊन एक चौकट केली होती. ती तिरडीभोवती बसायची. झेंड्याच्या दोन्ही लांब कडा चिमट्यांत धरलेल्या. वेळ झाली की एक खटका दाबायचा. सायकलच्या ब्रेकच्या तारेने चारही पाय एकदम सुटून, आतल्या स्प्रिंगांच्या जोरावर चौकट छातीइतकी वर जायची, झेंडा ताठच्या ताठ. खालून चौघांनी मयत उचलून न्यायची. मग दोन्ही लांब बाजू एकमेकींकडे सरकवल्या की झेंड्याची आपोआप घडी. झेंड्याला कुणाचा हात लागायची गरजच नाही. यात दांडे नवे नाहीत, चिमटे नवे नाहीत. नवा होता तो खटका, चारही पाय एका क्षणी सोडणारा. पेटंट मागायचं ते तेवढ्यावरच. मी तसं सांगितलं तेव्हा बापूंना ते लगेच पटलं. म्हणाले, "व्हय, बाकी समदं सरकारी सामानच हाय."

पेटंट त्यांना पैशासाठी नको होतं. कराडचा एक मंडपवाला त्यांच्या घरी येऊन गेला होता. बापूंनी त्याला चौकट दाखवली नव्हती, पण असं काहीतरी आहे हे त्याच्या कानावर आलं होतं. असल्या चौकटी करून, झालर लावून, आपल्या दुकानाची पाटी अडकवून त्याला त्या भाड्याने द्यायच्या होत्या.

"त्यो कुणाला बी दील, बाई," बापू म्हणाले होते. "उद्या एखाद्या सोसायटीच्या चेअरमनला तिरंगा घालून मिरवतील. लग्नाच्या वरातीत नवऱ्यावर छत म्हणून धरतील. ही फकस्त जवानाची हाय. तसा सरकारी कागद पायजे मला."

कागद मिळाला असता. पेटंट ज्याच्या नावावर, तो म्हणेल त्यानेच वस्तू करायची. बापूंचं म्हणणं कायद्यात बरोबर बसत होतं, हे आमच्याकडे दुर्मिळ. म्हणून मी मन लावून चित्रं काढली. उशीर झाला तो बापूंमुळेच. दर पंधरवड्याला ते खटका बदलून यायचे. "अजून थोडा आवाज करतुय. मयतीत टकदिशी वाजलेलं बरं दिसत न्हाई." मी म्हणायची, "बापू, आता हात लावू नका. आणि कुणाला दाखवू नका." ते टाचा जुळवून म्हणायचे, "ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

आणि आता हे.

"बापू," मी भोक पडलेलं ट्रेसिंग बाजूला सारत म्हटलं, "मी तुम्हांला काय सांगितलं होतं?"

"कुणाला दावू नगा म्हणून."

"मग?"

"आवं, पोराचा बाप सोता आला माज्या दारात. त्येला कुटनं तरी कळलं हुतं. म्हनला, हवालदार, माज्या पोराचा झेंडा पडू दिऊ नगा. आता त्येला काय सांगू? सोमवारी टपाल जानार हाय, मयत मंगळवारी करा?"

"निदान कमी लोकांत तरी..."

"बाई, मान काय लपूनछपून देत्यात व्हय?"

मला भयंकर राग आला. बापूंचा, त्या गुरुजींचा, सलाम ठोकणाऱ्या पत्र्याच्या जवानाचा, सगळ्यांचा एकदम. ही माणसं जे करतात ते लोकांदेखतच व्हायला हवं असतं, आणि माझा कायदा म्हणतो, लपवून ठेवा. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायचं काम माझ्याकडे कुणी दिलं होतं? एक दिवस! टपाल आदल्या आठवड्यात गेलं असतं, खटका थोडा वाजला असता, तर काय आकाश कोसळलं असतं?

आतून वकीलसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कायद्याचं पुस्तक घेऊन बसले. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उजळला.

"आहे! वाट आहे," ते म्हणाले. "शोधच असा असेल की त्याची चाचणी लोकांसमोरच घ्यावी लागते, आणि तो वापर केवळ चाचणीपुरता असेल, तर अर्जाला बाध येत नाही. वर्षाच्या आत अर्ज करायचा, बस. ही चौकट अंत्ययात्रेशिवाय तपासणार कुठे? अगदी चपखल! कालचा वापर ही चाचणी होती असं हवालदारांनी लिहून द्यायचं."

मला हायसं वाटलं. मी लगेच कोरा कागद ओढला आणि मजकूर लिहिला. इंग्रजीत टाइप करायच्या आधी तो गिऱ्हाइकाला मराठीत वाचून दाखवते मी, अंगठ्यावर काम चालवत नाही. मी वाचलं, "सदर चौकटीचा दिनांक अकरा ऑगस्ट रोजी अंत्यविधीत केलेला वापर हा केवळ ती योग्य रीतीने चालते किंवा नाही हे पाहण्यासाठी..."

"थांबा," बापू म्हणाले. "चालती का न्हाई बघाया?"

"हो. चाचणी म्हणजे तेच."

"कुनावर?"

मी कागदावरून मान वर केली.

"त्या पोरावर?" बापू म्हणाले. "त्येच्या आईला जाऊन सांगू का, तुज्या पोरावर म्या जमतंय का न्हाई बघितलं म्हणून?"

"तिला कोण सांगायला जातंय?" साहेब म्हणाले. "हा कागद मुंबईच्या फायलीत राहील. कुणी उघडणारसुद्धा नाही."

"म्या हाय की. मला ठावं असंल."

"अहो हवालदार, शब्द आहे तो नुसता. कायद्याचा शब्द."

"सायेब, चाचनी म्या माज्या परड्यात केली. गव्हाच्या पोत्यावर झेंड्याच्या मापाचं लुगडं घालून. धा येळा, ईस येळा. तवा खटका अडकायचा, तवा शिव्या बी घातल्या. अडकायचा बंद झाला मगच ती तितं न्हेली. काल म्या काय बघाया गेलो न्हवतो. काल म्या मान द्याया गेल्तो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता बाईंनी समजूत काढावी, अशी ती नजर होती. मी प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "बापू, नीट विचार करा. तुम्ही सही केली नाहीत तर अर्ज करण्यात अर्थ नाही. उद्या तो मंडपवाला झालर लावून, पाटी अडकवून हीच चौकट भाड्याने देईल आणि तुम्हांला ते रस्त्यावर उभं राहून बघावं लागेल. तुम्हांला नको होतं ते हेच ना? एका शब्दासाठी ते सगळं घालवणार?"

बापूंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. नजर त्या कागदावर. त्यांना मंडपवाला डोळ्यांसमोर दिसत असणार. मलाही दिसत होता.

"न्हाई जमायचं," ते म्हणाले.

"बापू!"

"बाई, तुमी रागावू नगा. तुमी लय खपलाय. पन माज्या संपतच्या वक्ताला कुनी म्हनलं असतं, की आमी आपलं बघत हुतो जमतंय का, तर म्या त्येचं थोबाड फोडलं असतं."

तरी मी सोडलं नाही. म्हटलं, "मग मंडपवाल्याचं काय?"

"काय करनार? करू दे त्येला." हे म्हणताना मात्र त्यांचा आवाज पडला. "चित्रं तुमचीच. ऱ्हावू द्या न्हाईतर टाकून द्या. आता लपवायचं काय ऱ्हायलंय त्येच्यात?"

ते गेले. जाताना टाचा जुळवल्या नाहीत. साहेब पुस्तक मिटत म्हणाले, "हट्टी माणूस." मी हो म्हटलं. माझंही मत तेच होतं. फक्त तो कागद त्यांनी सही करून दिला असता तर तो खोटा ठरला असता, हेही मला स्वच्छ दिसत होतं, कारण परड्यातल्या गव्हाच्या पोत्याचं आता मीही ऐकलं होतं. त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. कुपवाडच्या एका वॉल्व्हवाल्याशी विनाकारण भांडले तेवढं.

संध्याकाळी घरी भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं की मी दिवसभर मंडपवाल्याला अडवायचा एकच रस्ता धरून बसले होते. चौकट आता कुणाचीच नव्हती, म्हणजे ती सगळ्यांची होती. मंडपवाला ती भाड्याने देणार कुणाला, तर ज्याच्याकडे ती नाही त्या गावाला. आणि लोहार कोणत्या गावात नाही? गावाने आपली आपण करून पलटणीतून परत आलेल्या कुणा म्हाताऱ्याच्या घरी ठेवली, तर झालरवाल्याकडे कोण जाईल? चेअरमनचं मला माहीत नाही. चेअरमनला झालर लागेलच. पण जवानाच्या घरच्यांना ती दारोदार शोधत फिरावं लागणार नाही.

अडचण एकच होती. माझ्या चित्रांवरून लोहाराला काही करता आलं नसतं. पेटंटच्या चित्रात मापं घालत नाहीत. तिथे फक्त भाग कसे जोडलेत ते दाखवायचं, इंच-फुटांशी कुणाला देणंघेणं नसतं. खटक्याची तार किती लांब, चिमटे किती अंतरावर, पाय किती उंच, यातलं मी काहीच टिपलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना निरोप पाठवला की मी आज येणार नाही, आणि कराडची एस.टी. पकडली. कराडहून उंब्रज. बापू परड्यात म्हशीला वैरण टाकत होते. मला पाहून त्यांना वाटलं मी पुन्हा सही मागायला आले.

"बाई, म्या काल सांगितलं की..."

"सही नको," मी म्हटलं. "चौकट बाहेर काढा. आणि खटका बसवा, शेवटचा केलाय तो. पुन्हा बदलणार असाल तर आत्ताच सांगा, मी दुसऱ्यांदा येणार नाही."

त्यांनी चौकट आणली, अंगणात उभी केली. गल्लीतली चार माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यांना हाकलायची आता गरज नव्हती. मी पिशवीतून टेप काढली, एक टोक बापूंच्या हातात दिलं आणि म्हटलं, "त्या कोपऱ्यावर धरा. घट्ट."

"हे कशापायी, बाई?"

"लोहाराला द्यायला. कोणत्याही लोहाराला."

बापूंनी टेप धरली. लांबी सहा फूट आठ इंच निघाली. मी ती लिहून घेतली आणि रुंदीकडे वळले.